उद्या डोंगरावर जावं का?

पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री बीडमधल्या कितीतरी घरांत हा प्रश्न निघतो. कपिलधारला जायचं ठरलेलं असतं, किंवा सौताड्याला. डब्यात काय न्यायचं तेही ठरलेलं असतं. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल पुढे करतं : "हवामान खात्यानं उद्या पाऊस सांगितलाय, विजांसह." लगेच दुसरं कुणी म्हणतं, "मागच्या रविवारीही सांगितला होता. आपल्याकडे थेंब तरी पडला का?" मग अंदाज बाजूला राहतो आणि निर्णय उत्साहावर होतो.

अंदाज खोटा ठरतो असं वाटणाऱ्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण बहुतेक वेळा गडबड अंदाजात नसते. तो कुणासाठी आणि कोणत्या भाषेत सांगितलेला आहे हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय डोंगरावर जाणाऱ्याला नुसता अंदाज पुरत नाही. वाट कशी आहे, पाणी कुठून येतं, ऊन किती, परतायला किती वेळ लागेल, हेही त्याला त्या अंदाजाशी जोडून पाहावं लागतं. हे जोडणं अवघड नाही. या प्रकरणात ते एकेक करून पाहू.

१. हा डोंगर आहे तरी कसा?

सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला बीडचा डोंगर पटकन दिसत नाही. इथे आभाळात घुसलेलं शिखर नाही. बीडहून दक्षिणेला निघालं, मांजरसुंब्याचा घाट चढला की वर पुन्हा सपाट माळ, शेतं आणि पवनचक्क्या लागतात. हा बालाघाट. अहिल्यानगरच्या बाजूने येऊन तो जिल्ह्याच्या मधून पूर्वेकडे जातो. त्याच्या उत्तरेला खाली गोदावरीकाठची गंगथडी, म्हणजे गेवराई-माजलगावचा पट्टा, आणि वर पाटोदा-केजकडचा घाटमाथा. मांजरा नदी याच माथ्यावर, पाटोदा तालुक्यात उगम पावते. सिंदफणाही याच डोंगरांतून निघते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. सौताड्याला कड्यावरून उडी घेणारी विंचरणा मात्र दुसऱ्या दिशेला, जामखेडवरून सीनेकडे जाते. सीना भीमेला मिळते आणि ते पाणी शेवटी कृष्णेत जातं. एकाच माथ्यावर पडलेला पाऊस असा दोन मोठ्या खोऱ्यांत वाटला जातो.

भूगोलाचा हा धडा देण्याचं कारण आहे. सह्याद्रीत आपण बहुतेक वेळा खालून वर चढतो. बालाघाटात प्रेक्षणीय जागा बऱ्याचदा कड्याच्या पोटात असतात. सौताड्याला रामेश्वराच्या देवळापर्यंत आपण पायऱ्यांनी दरीत उतरतो. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन धबधब्यापाशी गेलं की तिन्ही अंगांनी डोंगर असतो. अशा ठिकाणी आपल्या डोक्यावर दिसणारं आभाळ हा आभाळाचा छोटासा तुकडा असतो. आणि धबधब्याला पाणी पुरवणारी जमीन आपल्या वर, कड्यापलीकडे, नजरेच्या पूर्ण आड असते.

त्यामुळे इथला धोका उंचीतून कमी येतो. तो तीन गोष्टींतून येतो : वरून न सांगता येणारं पाणी, उघड्या माळावर पडणारी वीज, आणि ऊन. अंदाज वाचायचा तो या तिन्हींसाठी.

२. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती ठिकाणी?

आपल्याकडचा जिल्हानिहाय अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो. मराठवाडा त्याच्या मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडे येतो. अंदाजात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द येतात. वाचताना ते एकसारखे वाटतात, पण प्रत्येकाला मोजमाप आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक'. २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर 'काही'. ५१ ते ७५ टक्क्यांना 'बऱ्याच' किंवा 'अनेक', आणि त्यापुढे 'बहुतांश' किंवा 'सर्वदूर'. बातमीत शब्द थोडे बदलतात, चढण हीच असते.

आता हिशेब करू. समजा एखाद्या भागात पाऊस मोजणारी ४० ठिकाणं आहेत. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं सांगितलं आणि ८ ठिकाणी पाऊस झाला. अंदाज अचूक ठरला. पण उरलेल्या ३२ ठिकाणचे लोक म्हणणार, "कुठे पडला?" बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटरचा आहे. आष्टीपासून परळीपर्यंत रस्त्याने दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. आष्टीत झोडपून काढणारा पाऊस आणि परळीत कडक ऊन, हे एकाच दिवशी, एकाच अंदाजाखाली, अगदी सहज होऊ शकतं.

या शब्दांतला दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. 'तुरळक' हा शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतो, किती जोराचा पडेल ते सांगत नाही. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य म्हणूनच शक्य आहे, आणि डोंगरावर जाणाऱ्यासाठी तेच सर्वांत कठीण वाक्य आहे. पाऊस कुठे कोसळेल ते नक्की नाही, पण जिथे कोसळेल तिथे ओढा भरणार हे नक्की. 'तुरळक' वाचून निर्धास्त होण्याची सवय सोडायला हवी.

३. रंग आणि मिलिमीटर

अंदाजासोबत रंग येतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. हे रंग मुख्यतः प्रशासनासाठी केलेले आहेत आणि ते फक्त पावसासाठी नसतात. विजा, सोसाट्याचा वारा, गारा, उष्णतेची लाट, यांनाही हेच रंग लागतात. म्हणून 'यलो अलर्ट आहे' एवढं ऐकून थांबू नये, कशाचा आहे ते विचारावं. मराठवाड्यातला पिवळा इशारा पुष्कळदा मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा असतो. गावातल्या माणसाला तो किरकोळ वाटेल. उघड्या माळावर चालणाऱ्याला तो किरकोळ नाही.

पावसाच्या जोराची भाषाही ठरलेली आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. आपल्या शेतकऱ्यांना दुसरा आकडा जास्त परिचयाचा आहे. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की तिथे अतिवृष्टी धरली जाते. दोन्ही हिशेबांत २४ तास मोजले जातात ते सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत. म्हणजे रविवारी सकाळी नोंदलेल्या पावसातला बराचसा शनिवारी दुपारी-रात्री पडलेला असतो. जमीन किती भिजलेली आहे हे पाहताना हे लक्षात ठेवावं.

माझं मत स्पष्ट आहे. नारंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी दरीत, ओढ्यात, धबधब्याखाली जायचं नाही. ठिकाण कुठेही पळून जात नाही. पिवळा असेल तर कशाचा आहे ते पाहून ठरवायचं.

४. कोणत्या महिन्यात कोणता पाऊस?

मराठवाडा पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि उरलेली ओल घेऊन इकडे येतात. त्यामुळे कोकणातली चार-चार दिवसांची संततधार इथे क्वचित लागते. इथला जोरदार पाऊस पुष्कळदा थोड्या वेळात, थोड्या जागेवर कोसळून जातो.

एप्रिल-मेमधला अवकाळी आणि वळीव दुपारी उशिरा येतो. दिवसभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, उंच ढग उभे राहतात आणि तीन-चारच्या पुढे गडगडाट सुरू होतो. मृगाच्या आसपासचा पाऊसही असाच वीज-वाऱ्याचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा स्थिर होतो. पाऊस भुरभुर असतो, विजा त्या मानाने कमी होतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात, उत्तरा-हस्ताच्या दिवसांत, पुन्हा विजांचा खेळ सुरू होतो. परतीचा पाऊस म्हणतात तो हाच. आणि नेमका याच काळात धबधबे भरलेले असतात, डोंगर हिरवा असतो, सुट्ट्या असतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी आणि सिंदफणेचा पूर अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, सकाळचं निरभ्र आभाळ दुपारची हमी देत नाही. या दिवसांत डोंगर पहाटे गाठायचा आणि दुपारी एकच्या आत गाडीपाशी परतायचं.

पंचांगातली नक्षत्रं ऋतूचा स्वभाव सांगतात, आणि तो चांगला सांगतात. पण येत्या रविवारी दुपारी दोनला सौताड्यावर काय होईल हे ती सांगत नाहीत. त्यासाठी दुसरी साधनं आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

५. डोक्यावर ऊन, ओढ्याला पूर

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दरीत पाऊस नसताना ओढा का फुगतो?

एक साधी गोष्ट धरून चालू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होतं. आता समजा एखाद्या धबधब्याच्या वर माथ्यावर दोन चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ५०० एकर जमीन आहे आणि तिचं सगळं पाणी त्या एका ओढ्यात येतं. या जमिनीला त्या ओढ्याचं पाणलोट म्हणतात. तिथे तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला. मोठ्या सरीसाठी हा काही अचाट आकडा नाही. दोन चौरस किलोमीटर म्हणजे २० लाख चौरस मीटर. प्रत्येकावर २० लिटर, म्हणजे एकूण ४ कोटी लिटर पाणी. निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं तरी २ कोटी लिटर ओढ्याला येणार.

उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणा, दहा हजार लिटरचा. ते २ कोटी लिटर म्हणजे असे २,००० टँकर. हे पाणी दोन तासांत वाहून गेलं तर दर मिनिटाला सोळा-सतरा टँकर त्या कड्यावरून खाली रिकामे होत राहतील. आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कदाचित एक थेंबही पडलेला नसेल.

बालाघाटाची जमीन या बाबतीत आणखी कठीण आहे. इथला खडक काळा बेसाल्ट, दख्खनच्या लाव्हाचा. माथ्यावर अनेक जागी मुरमाड, उथळ माती आणि तिच्याखाली लगेच कातळ. उथळ माती लवकर भरते. आठवडाभर पाऊस पडून गेला असेल तर तीच जमीन निम्म्याऐवजी चौथा हिस्साच पाणी मुरवेल. मग तेवढ्याच सरीत २,००० ऐवजी ३,००० टँकर पाणी येईल. उद्याचा पाऊस पाहायचा तसाच गेल्या तीन-चार दिवसांचा पाऊसही पाहायचा, तो याच कारणाने. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे 'महावेध' प्रकल्पाच्या हवामान केंद्रांवरून मिळतात आणि पावसाळ्यात स्थानिक वर्तमानपत्रांतही छापून येतात. पाहताना स्वतःच्या गावाचा आकडा पाहून उपयोग नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाला जे मंडळ आहे त्याचा पाहायचा.

याहूनही चांगलं साधन आहे आणि त्याला ॲप लागत नाही. माथ्यावरच्या गावात ओळखीचं कुणी असेल तर सकाळी निघताना एक फोन करावा : "रात्री वर पाऊस होता का? ओढ्याला पाणी केवढं आहे? आभाळ कुठून भरलंय?" ओळख नसेल तर घाट चढल्यावर चहाच्या टपरीवर किंवा शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना विचारावं. त्यांचं उत्तर त्या एका ओढ्यापुरतं असतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

ओढ्यापाशी पोचल्यावर पाण्याच्या काठाला एक दगड हेरून ठेवा, जेमतेम पाण्याबाहेर असलेला. दर पाच-दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहा. तो बुडाला तर पाणी चढतंय. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला, धबधब्याचा आवाज जड झाला, तर यातलं एकच लक्षण पुरे आहे. त्या क्षणी सामान गोळा करत बसू नये. आधी मुलांना वर घ्यावं, आणि सरळ वरच्या बाजूला, काठावर चढावं. ओढ्यातून खाली पळू नये, कारण पाणी आपल्यापेक्षा वेगात येतं.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते एकमेकांना धरून प्रवाहात उभे होते. ते चित्रीकरण पाहिलेल्या कुणालाही पाणी वाढायला किती कमी वेळ लागतो हे पुन्हा सांगावं लागत नाही. वेगाने वाहणारं पाणी घोट्याच्या वर आलं की मोठ्या माणसाचाही पाय सुटू शकतो. म्हणून ओढा ओलांडून पलीकडे डबा खायला बसण्याआधी एवढंच पाहावं : आपली गाडी कोणत्या काठाला आहे? बसायचं त्याच काठाला. आणि पाणी वाढल्यामुळे पलीकडे अडकलाच तर तिथेच उंच जागी थांबावं. छोट्या पाणलोटाचा पूर जसा लवकर चढतो तसा काही तासांत ओसरतोही.

६. वीज : सेकंद मोजायला शिका

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी देशात वीज पडून २,८०० हून अधिक माणसं दगावली. यात शेतात काम करणारे, गुरं राखणारे मोठ्या संख्येने असतात, कारण ते उघड्यावर असतात. माळावर फिरायला गेलेला माणूसही तितकाच उघड्यावर असतो.

वीज किती दूर आहे हे घड्याळाशिवायही कळतं. वीज दिसते ती त्याच क्षणी, कारण प्रकाशाला वेळ लागत नाही. आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकली की मोजायला सुरुवात करा. गडगडाट ऐकू येईपर्यंत १५ सेकंद गेले तर वीज ५ किलोमीटरवर पडली. ३० सेकंद गेले तर १० किलोमीटरवर. ३० सेकंद हीच सुरक्षिततेची सीमा. त्याच्या आत आवाज आला तर पुढची वीज आपल्यावरही पडू शकते, आसरा गाठायचा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच निघणारी माणसं सापडतात ती याच अर्ध्या तासात.

आसरा म्हणजे पक्कं घर, किंवा काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची बंद गाडी. एकटं झाड, पवनचक्कीचा पायथा, मोबाईल टॉवर, उघडी पत्र्याची शेड, किल्ल्याच्या बुरुजाचा माथा, कपारीचं तोंड, यांतलं काहीच आसरा नाही. धारूरच्या महादुर्गावर असाल आणि आभाळ भरून आलं तर तटावरून फोटो काढणं थांबवून खाली गावात या. माळावर अडकलात आणि जवळ काहीच नसेल, तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये, आणि सगळ्यांनी एकमेकांपासून लांब बसावं, म्हणजे मदतीला कुणीतरी उरेल. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास, नाडी बंद असेल तर लगेच छाती दाबणं सुरू करावं. असे रुग्ण वाचू शकतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप तयार केलं आहे. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते कळवतं. ते फुकट आहे आणि मराठीतही आहे. प्रत्येक गटातल्या किमान दोघांच्या मोबाईलवर ते असावं.

घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्यांचाही एक उपयोग आहे. पवनचक्की आपलं तोंड वाऱ्याकडे वळवून घेते. पावसाळ्यात ही तोंडं बहुधा पश्चिमेकडे असतात. दुपारी त्यांची तोंडं भलतीकडे फिरलेली दिसली, वारा अचानक गार झाला, तर जवळपास कुठेतरी मोठा ढग कोसळतोय असं समजून परतीची वाट धरावी.

७. ऊन आणि उजेड

मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो हे नेहमीचं आहे. वर गेल्यावर गार वाटेल ही अपेक्षा बालाघाटात फारशी पुरी होत नाही. हवा दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. गंगथडी ते घाटमाथा हा चढ तीनशे मीटरचा धरला, तर फरक पडतो जेमतेम दोन अंशांचा. खाली ४१ असेल तर वर ३९. आणि काळा कातळ तापलेला असतो तो वेगळाच. हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान ४० किंवा त्याहून वर जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढलं की उष्णतेची लाट मानतो. असा इशारा असेल तर चढाई नको. मार्च ते मे या काळात अकराच्या आत सावलीत परतावं. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. वाटेत झरा असेल हे गृहीत धरू नये. फेब्रुवारीनंतर इथले बहुतेक झरे आटलेले असतात.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला आडाखा अजून कामाला येतो : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. आठ किलोमीटरची फेरी आणि ३०० मीटर चढ असेल तर सुमारे दोन तास सहा मिनिटं. हा झाला सराव असलेल्या माणसाचा वेळ. बरोबर मुलं, आजी-आजोबा असतील तर तो सरळ दुप्पट धरा, वर थांबण्याचा वेळ वेगळा. डिसेंबरात बीडला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि दरीत अंधार त्याआधी येतो.

८. वाट

पाऊस आणि ऊन पाहिलं तरी वाट पाहायची उरतेच. जुलै-ऑगस्टात धबधब्याजवळच्या खडकांवर शेवाळ धरतं. तिथे चपला, सँडल बिलकूल नकोत. उतारावरचा सुटा मुरूम कोरडा असताना जास्त घसरतो, आणि काळ्या रानातली पायवाट ओली असताना पाय बाहेर काढू देत नाही. ऑक्टोबरपासून गवत कमरेइतकं वाढलेलं असतं. त्यात वाट बुजते, कुसळं कपड्यांत शिरतात, आणि घोणस-फुरशासारखे साप दिसत नाहीत. पूर्ण पायजमा, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातात काठी हवी. कडेकपारीत आग्यामोहोळ असतं. तिथे धूर, फटाके, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली, त्या दिवसांत तिकडच्या रानात जाणं कुणीच शहाणपणाचं मानलं नसतं. अशा बातम्या, वणवे, पडलेल्या दरडी, बंद केलेले रस्ते, यांची माहिती वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात आणि पायथ्याच्या गावात मिळते. पायऱ्या, कठडे वाहून गेले असतील तर तेही तिथेच कळतं. गेल्या वर्षीचा व्हिडिओ पाहून वाट तशीच असेल असं मानू नये.

९. एक रविवार, पहिल्यापासून

समजा सप्टेंबरचा शेवटचा रविवार आहे आणि कपिलधारला जायचं आहे. गुरुवारी पाच दिवसांचा अंदाज पाहिला : रविवारी 'काही ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी विजा', रंग पिवळा. जायचं की नाही हे इतक्या आधी ठरवायची गरज नाही, पण दुसरा दिवस मोकळा ठेवला.

शनिवारी दुपारी अंदाज पुन्हा पाहिला, रंग तोच. गेल्या तीन दिवसांत माथ्यावरच्या मंडळांत १०, ० आणि ४ मिलिमीटर पाऊस. जमीन भरलेली नाही. जायचं ठरलं, पण पहाटे निघून बाराच्या आत परतायचं या अटीवर.

रविवारी सकाळी सहाला हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपवर पुढच्या तीन तासांचा इशारा पाहिला. रडार आणि उपग्रहाची चित्रं पाहिली. आजूबाजूला मोठा ढग नाही. 'दामिनी' शांत. निघालो.

दहाला पश्चिमेला फुलकोबीसारखे उभे ढग दिसू लागले. अजून ऊन आहे, गट रमला आहे. इथेच खरी परीक्षा असते. अंदाज पिवळा होता, महिना सप्टेंबरचा, ढग उभे वाढताहेत. तीन गोष्टी एकाच बाजूला बोलताहेत. मग बाराची वाट पाहायची नाही, सव्वादहालाच निघायचं. दुपारी पाऊस आलाच नाही तरी हा निर्णय बरोबरच होता, कारण तो दिसत होतं त्याच्या आधारावर घेतला होता.

आणि शुक्रवारी-शनिवारी माथ्यावर ७० मिलिमीटर पडला असता, तर? अंदाज हिरवा असला तरी धबधब्याखाली जायचं नव्हतं. कपिलधारला समाधीचं दर्शन घ्यावं, धबधबा दुरून पाहावा आणि परतावं.

निघताना घरी एक कागद ठेवून जा : कुठे चाललोय, कोण कोण आहे, गाडीचा नंबर, परतायची वेळ. घाटात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, तेव्हा वेळ टळून दोन तास झाले तर घरच्यांनाच हालचाल करावी लागेल. त्याच कागदावर तीन क्रमांक लिहा : आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.